स्लेटचं पूल टेबल दुसऱ्या घरी न्यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला चौथ्या मजल्यावर तुमचं आठ फुटी पूल टेबल आहे, सहा वर्षांपूर्वी जुनं घेतलेलं. जुलैत वाकडला नवव्या मजल्यावर राहायला जायचंय. पॅकर्सवाले म्हणतात, "सर, खोलायची काही गरज नाही, आठ माणसं लावतो, आहे तसं उचलून नेतो." त्यांचं ऐकावं का? आणि खोलायचंच असेल तर मित्रांना बोलावून घरच्या घरी जमेल का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. टेबल स्लेटचं, म्हणजे कापडाखाली स्लेट दगडाच्या लाद्या असलेलं असेल, तर आहे तसं उचलू देऊ नका. आठाच्या जागी बारा माणसं आली तरी नको. दुसऱ्या भागाचं उत्तर तुमच्या टेबलावर, दोन्हीकडच्या जिन्यांवर आणि कापडाच्या वयावर अवलंबून आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. गेली बावीस वर्षं मी पुण्यात आणि आसपास टेबलं बसवतो, उतरवतो, पुन्हा बसवतो. खाली लिहितोय ते त्या कामातलं आहे.

सगळ्यांना वाटतं, अडचण वजनाची आहे. एक इंची स्लेटचं आठ फुटी टेबल साधारण ३५० ते ४५० किलो भरतं. आठ माणसांत वाटलं तर माणशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलो. सिमेंटचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला ते काहीच नाही, म्हणून पॅकर्सवाले खोटं बोलत नाहीत, ते खरंच उचलू शकतात. खरी अडचण आहे दगड वाकण्याची. स्लेटवर वरून सरळ पडणारा बराच भार ती सोसते. पण तिला पीळ बसला की ती सोसत नाही. आठ माणसं "हां, उचल" म्हटल्यावर एकाच क्षणी एकाच उंचीवर कधीच उचलत नाहीत. एक कोपरा आधी वर येतो, समोरचा मागे राहतो. लाकडी सांगाडा तेवढा पीळ घेतो आणि पुन्हा जागेवर येतो. त्याला स्क्रूने आवळलेली लादी मात्र येत नाही. ती तडकते, आणि बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकापासूनच तडकते, कारण तिथे दगड आधीच कोरलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. एका बंगल्यात रंगकाम निघालं म्हणून घरातल्या मंडळींनी टेबल एका खोलीतून शेजारच्या खोलीत ढकलत नेलं. मध्ये फक्त दीड इंचाचा उंबरा होता. रंग झाल्यावर तसंच परत आणलं. वरून सगळं ठीक दिसत होतं. दोन महिन्यांनी मला बोलावलं, कारण हळू मारलेला बॉल मधल्या पॉकेटजवळ (बॉल पडायच्या खिशाजवळ) आला की डावीकडे ओढला जायचा. कापड काढलं तेव्हा राखाडी दगडावर एक निळी रेघ दिसली, केसाएवढी बारीक, स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत गेलेली. दगडाला तडा गेला होता आणि त्यात क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायचा निळा खडू झिरपून बसला होता. नखाने चाचपलं तर एक बाजू किंचित वर. तशी एकच लादी बाजारात सुटी मिळत नाही. जाडी जुळली तर भोकं जुळत नाहीत, भोकं जुळली तर कडा जुळत नाहीत. शेवटी खालून लाकूड देऊन, तडा चिकटवून, वरून घासून घेतली. टेबल खेळण्याजोगं झालं, पण पहिल्यासारखं झालं नाही. दीड इंचाच्या उंबऱ्याने हे होतं, तर चार मजल्यांच्या जिन्याने काय होईल ते तुम्हीच बघा.

आणि हे फक्त स्लेटचं झालं. टेबलाचे पाय सरळ खाली येणारं वजन पेलायला केलेले असतात. आडवं ढकललं की पाय जिथे बोल्टने सांगाड्याला धरलेला असतो तिथलं लाकूड फाटतं. म्हणून त्याच खोलीत दोन फूट सरकवायचं असलं तरी ढकलू नका.

आता काही खोलायच्या आधी दोन गोष्टी करा.

एक, टेबलाखाली पाठीवर झोपा आणि टॉर्च मारा. वर राखाडी, हाताला गार लागणारा दगड दिसला तर स्लेट. पांढरट किंवा रेषा असलेला दगड दिसला तर मार्बल. आपल्याकडे कमी किमतीच्या टेबलांत ते सर्रास वापरतात. त्यालाही हाच नियम, उलट जास्तच जपा, कारण संगमरवर स्लेटपेक्षा ठिसूळ. तपकिरी भुशाचा बोर्ड दिसला तर ते एमडीएफ. मग वजन खूपच कमी असेल, पाय आणि कुशन (कडेच्या रबर लावलेल्या पट्ट्या) काढून चार माणसं ते आडवं करून नेऊ शकतात, आणि या उत्तरातलं निम्मं तुम्हाला लागू होत नाही. दगड असेल तर सांधे मोजा. दोन सांधे म्हणजे तीन लाद्या, घरगुती आठ फुटी टेबलात बहुधा तेच असतं. सांधाच नसेल तर अख्खी एक लादी, २०० किलोच्या पुढची, आणि मग घरच्या घरी करायचा विचारच सोडून द्या.

दोन, वाकडची खोली मोजा. हे मी मुद्दाम आधी सांगतोय. टेबल नीट नेलं, नीट बसवलं, आणि मग क्यू मागे घेताना भिंतीला लागतो, असं मी फार घरांत पाहिलंय. घरगुती आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच. नेहमीचा क्यू ५८ इंच. दोन्ही बाजूंनी एकेक क्यू धरलात तर खोली १७ फूट बाय १३ फूट ४ इंच लागते. रुंदी पावणेबारा-बारा फूट असेल तर ४८ इंची छोटा क्यू ठेवून भागतं, पण प्रत्येक चौथ्या फटक्याला क्यू बदलावा लागतो. बेडरूम ११ फुटी असेल तर टेबल हॉलमध्ये ठेवायचा विचार करा, नाहीतर इथेच चांगल्या गिऱ्हाइकाला द्या. ते मी कुणालाही आनंदाने सांगत नाही, पण सहा महिने कपडे वाळत घालायला वापरलेलं टेबल बघवत नाही.

मजल्याची चिंताही लोक करतात. घरासाठी स्लॅब धरताना चौरस मीटरला साधारण २०० किलो चालता भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचा, धरतात. आठ फुटी टेबल आपल्या पसाऱ्यावर चौरस मीटरला १०० ते १२५ किलोच्या घरात येतं, त्यामुळे नीट बांधलेल्या इमारतीत अडचण नाही. १२ फुटी स्नूकर टेबलाची गोष्ट वेगळी. त्याचं वजन सव्वा ते दीड टन. ते वरच्या मजल्यावर न्यायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचाराच. तुमच्याकडे बघण्याची खरी गोष्ट आहे टाइल. पाय जिथे येणार तिथे टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट नाही. शंभर किलोचा पाय तिथे आला की टाइल फुटते आणि टेबलाची लेव्हल त्याच दिवशी जाते. जागा थोडी बदला, किंवा पायाखाली फूटभर चौरस जाड प्लाय द्या.

आता खोलायचा क्रम. आधी पॉकेट सोडवा. चामड्याची असतील तर ती कुशनला स्क्रूने नाहीतर खिळ्यांनी धरलेली असतात, ओढून काढू नका, चामडं फाटतं. मग टेबलाखालून कुशनचे बोल्ट, बहुतेक आठ फुटी टेबलांना १८ असतात, एका पट्टीला तीन. बॉक्स पाना लावा, पक्कडीने माथे घासू नका. प्रत्येक पट्टी निघाली की तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडा लिहा आणि तोच आकडा सांगाड्यावरही लिहा. सहा पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी बोल्टची भोकं मिलिमीटरने इकडेतिकडे असतात.

मग कापड. पिना मारलेल्या असतील तर पातळ स्क्रूड्रायव्हर पिनेखाली घालून एकेक उचकटायची. आठ फुटी टेबलाला दीड-दोनशे पिना सहज निघतात, तासभर त्यातच जातो. गोंदाने चिकटवलेलं असेल तर कोपऱ्यातून धरून कापड स्वतःवरच उलटं दुमडत हळूहळू सोलायचं. वर ओढलं तर ते ताणलं जातं, आणि ताणलेलं कापड पुन्हा सपाट बसत नाही. खेळायच्या बाजूवर नको, पण खालच्या बाजूला "डोकं", म्हणजे जिथून खेळ सुरू करतात ते टोक, कुठलं ते खडूने लिहून ठेवा आणि घडी न घालता पीव्हीसी पाइपावर गुंडाळा.

कापड निघालं की लाद्यांमधले सांधे दिसतात, मेणाने नाहीतर लांबीने (पुट्टीने) भरलेले. स्क्रूचे माथेही त्याखालीच लपलेले असतात. दिसत नाहीत म्हणून स्क्रू नाहीत असं समजून पहारीने लादी उचकटणारे मी पाहिलेत. तसं करू नका. पटाशीच्या टोकाने मेण खरवडा, सगळे स्क्रू मोजून काढा, नाहीतर शेवटचा राहिलेला एक स्क्रू लादी फोडतो. लाद्यांनाही आकडे आणि बाण, खालच्या बाजूला. जुन्या क्लबांतल्या इंग्रजी टेबलांच्या दगडावर असे आकडे छिन्नीने कोरलेले सापडतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही ठाऊक होतं की हे टेबल पुन्हा कधीतरी उतरणार.

लादी उचलणं हा या सगळ्या कामातला गाभा. तीनमधली एक लादी साधारण चार फूट दोन इंच बाय अडीच फुटांच्या आसपास, वजन ७० किलोच्या घरात. दोन माणसं पुरतात, तिसरा दार धरायला आणि वाट सांगायला. नियम एकच: लादी कायम कडेवर उभी. आडवी, थाळीसारखी धरून चाललात तर तिचंच वजन तिला मध्ये वाकवतं. सांगाड्यावरून काढतानाही आधी एक लांब कड उचलून ती उभी करायची, मग दोघांनी दोन टोकं धरायची. हातात खरखरीत मोजे, पायात बंद बूट. चप्पल घालून आलेल्या माणसाला मी लादीला हात लावू देत नाही. खाली ठेवताना जमिनीवर आधी गोणपाट किंवा रबराचा तुकडा, त्यावर लांब कड, आणि बोटं शेवटच्या क्षणी बाहेर. कोपऱ्यावर कधीच टेकवू नका, पाच रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडतो आणि तो नेमका पॉकेटच्या तोंडाशी असतो.

आता तुमच्या इमारतीची गोष्ट. कोथरूडच्या जुन्या इमारतींत लिफ्ट बहुधा सहा माणसांची असते, पाटीवर ४०८ किलो लिहिलेलं. एका फेरीला एक लादी आणि दोन माणसं, यापेक्षा जास्त नको. वजनाला हरकत नाही, पण तिन्ही लाद्या एकदम टेकवल्या आणि लिफ्ट हिसका देऊन थांबली तर सगळ्या एका माणसाच्या पायावर येतात. त्या लिफ्टमध्ये लांब कडेवर लादी मावत नसेल तर आखूड कडेवर उभी करा. ती लवकर कलंडते, म्हणून एकाने पूर्ण वेळ धरून उभं राहायचं. सांगाड्याच्या बाजूच्या फळ्या सात-आठ फुटी असतात, त्या लिफ्टमध्ये जात नाहीत, जिन्यानेच न्याव्या लागतील. सांगाडा सुटत नसेल, म्हणजे गोंद लावून कायमचा जोडलेला असेल, तर जिन्याचं वळण आधी टेपने मोजा. जिन्यात लादी न्यायची वेळ आलीच तर ताकदीचा माणूस खालच्या बाजूला, कारण भार त्याच्याकडेच जातो, आणि प्रत्येक मधल्या चौथऱ्यावर टेकवायची. घाई करणारा माणूस या कामाला घेऊ नका.

टेम्पोत लाद्या गाडीच्या लांबीच्या दिशेने, बाजूच्या फळक्याला किंचित रेलून, लांब कडेवर उभ्या. खाली प्लाय आणि त्यावर जुनी गोधडी. दोन लाद्यांच्या मध्येही गोधडी, गुळगुळीत बाजू गुळगुळीत बाजूकडे. रुंदीच्या दिशेने उभ्या केल्या तर पहिल्या ब्रेकला पुढे येतात. सुतळी चालत नाही, ती सैल पडते. रॅचेटचे पट्टे लावा. लाद्यांवर काहीही रचू नका, गादीसुद्धा नको. आणि ड्रायव्हरशेजारी तुमचा एक माणूस बसवा, जो प्रत्येक स्पीड ब्रेकरला "हळू" म्हणेल. कोथरूड ते वाकड अंतर काही मोठं नाही, पण खड्डे जुलैचे असतात.

पावसाची खास काळजी घ्या. भिजल्याने स्लेटचं काही बिघडत नाही, पुसली की झालं. बिघडतं ते तिच्या खाली चिकटवलेलं लाकूड आणि सांगाड्याचा प्लाय. पाणी पिऊन कड फुगली की लादी सपाट बसत नाही आणि कापडाची पिन धरत नाही. कुशनच्या पट्ट्या, कापड आणि लाकूड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि ताडपत्री असलेली किंवा बंद गाडी घ्या. मुसळधार पाऊस असेल तर एक दिवस थांबा. बाकी सामान आधी जाऊ द्या, टेबल सवडीने जाऊ शकतं.

इथपर्यंतचं काम, म्हणजे खोलणं, आकडे घालणं, लाद्या उभ्या नेणं, हे तीन-चार धीराचे मित्र नीट करू शकतात. पूर्ण शनिवार धरा. पुढचं काम मात्र मी घरच्या घरी करा असं सांगणार नाही, आणि मी फिटर आहे म्हणून हे म्हणत नाही.

कारण सांगतो. सुताराची स्पिरिट लेव्हल मीटरला अर्ध्या मिलिमीटरचा फरक कशीबशी दाखवते. आम्ही यंत्राच्या कामाची लेव्हल वापरतो, ती मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवते. पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतं. एका पायाखाली असं एक पान जास्त झालं तर सुताराच्या लेव्हलचा बुडबुडा मध्येच राहतो, पण हळू सोडलेला बॉल शेवटच्या दोन फुटांत वळतो. आधी सांगाडा गुण्यात आणायचा, म्हणजे दोन्ही कर्ण सुतासूत सारखे. मग सांगाड्याची लेव्हल. मग मधली लादी, नंतर दोन्ही बाजूंच्या. मग प्रत्येक सांध्यावर आडवी लेव्हल ठेवून पितळी पट्टीचं पॅकिंग देत देत, स्क्रू अर्धे आवळत, पुन्हा बघत. शेवटी डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर पुन्हा. तेव्हाच मेण भरायचं आणि ते थंड झाल्यावर पात्याने सपाट करायचं. या एवढ्या कामाला मला तीन तास लागतात, आणि त्यात एकही मिनिट वाया जात नाही.

कापडाचं सांगायचं तर, जुनं कापड पुन्हा बसवता येतं, पण ते पुन्हा तितकंच तंग बसेल असं नाही. तुमचं टेबल जुनं घेतलेलं आहे. या सहा वर्षांत कापड बदललं नसेल, आणि ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारायच्या जागी पांढुरके डाग किंवा चर दिसत असेल, तर आत्ताच नवं घाला. सगळं उघडलेलंच आहे. सहा महिन्यांनी घालायचं ठरवलंत तर कुशन आणि पॉकेट काढायची मजुरी पुन्हा द्याल. त्याच वेळी कुशनचं रबर अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखं कडक लागलं तर तेही बदलायला हीच वेळ आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पॅकर्सना बाकी घराचं सामान द्या. टेबलासाठी फिटर वेगळा ठरवा, आणि खोलणारा आणि बसवणारा माणूस एकच असू द्या, म्हणजे एक दुसऱ्यावर ढकलणार नाही. त्याला तीन गोष्टी विचारा: लाद्या कशा नेणार, सांधे कशाने भरणार, कुठली लेव्हल वापरणार. पहिल्याचं उत्तर "उभ्या" आलं नाही तर पुढचं विचारूच नका. लाद्या उचलायला पॅकर्सचीच माणसं वापरणार असाल तर फिटर तिथे हजर हवा. पॅकर्सच्या पावतीवर "मालकाच्या जबाबदारीवर" असा शिक्का आहे का तेही सही करण्याआधी वाचा. असेल तर तडकलेल्या लादीचे पैसे कुणी देणार नाही.

टेबल बसल्यावर त्याच दिवशी खेळू नका, मेण आणि गोंद रात्रभर राहू द्या. तीन आठवड्यांनी फिटरला एकदा परत बोलवा, कारण पाय नव्या फरशीवर थोडे बसतात आणि लेव्हल किंचित हलते. हे येणं दर ठरवतानाच त्यात धरून घ्या. तोवर टेबलाच्या कडेवर कुणाला बसू देऊ नका, पाहुण्यांच्या मुलांनाही नाही.

आता एक काम तुमच्याकडे. टेबलाखालचा टॉर्च मारून काढलेला एक फोटो आणि वाकडच्या खोलीची लांबी-रुंदी एवढं कळवा. लाद्यांना खाली लाकूड आहे की नाही हे फोटोत दिसेल, आणि त्यावरून कापड पिनांचं आहे की गोंदाचं तेही सांगता येईल.